सत्त्याहत्तर ठोके

"मंजुळा, काटा पुढं ढकल."

पाडव्याची सकाळ होती. सहाचे ठोके नुकतेच पडले होते, घंटेचा घुमारा अजून खोलीत फिरत होता, आणि गिरणीचे धाकटे मालक उदयराव शितोळे घड्याळाच्या मनोऱ्यात माझ्या शेजारी धापा टाकत उभे होते. शहाण्णव पायऱ्या आहेत त्या मनोऱ्याला. मालकलोकांपैकी कुणी त्या चढल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"किती ढकलू, मालक?"

"तासभर."

"पण घड्याळ बरोबर आहे. कालच रेडिओशी ताडून बघितलंय मी."

"बरोबरच आहे गं. तेच आता तासभर पुढं न्यायचंय. दिवाळीपर्यंत."

मला वाटलं, सकाळी सकाळी थट्टा करतायत. पण मालक थट्टा करणाऱ्यातले नव्हते. नवी मशिनं बघायला ते दोन महिने विलायतेला जाऊन आले होते आणि येताना हे डोक्यात घेऊन आले होते. तिकडं म्हणे उन्हाळा आला की अख्खा देश घड्याळ तासभर पुढं करतो. माणसं लवकर उठतात, लवकर कामाला लागतात, संध्याकाळचा उजेड कामी येतो, दिवे उशिरा लागतात. आमच्याकडं तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता, विजेची कपात चालू होती. गिरणी आठवड्यातून दोन दोन दिवस बंद पडायची. मालकांनी मला हे सगळं नीट समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या मास्तरांसारखं. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मी काय केलं ते ऐकून तुम्ही म्हणाल, मालक खवीस होता म्हणून बाईला चेव आला. तसं नव्हतं.

मी काट्यांचा स्क्रू सैल केला आणि काटा ढकलला. पुढं नेणं काय, सोपं असतं. बोटानं ढकललं की जातो. दहा मिनिटांपूर्वी सहा वाजलेल्या घड्याळानं सातचे ठोके दिले, आणि बाहेर माळावर अजून सूर्याचा पत्ता नव्हता.

"बघ," मालक खूश होऊन म्हणाले, "कुणाचं काही बिघडलं का?"

आता हे घड्याळ माझ्या ताब्यात कसं, ते सांगते. माझे वडील बाबू लोहार. गिरणी संस्थानच्या काळातली, घड्याळ विलायतेहून बोटीनं आलेलं, आणि एकतीस वर्षं त्याला चावी देणारा माणूस एकच, आमचा बाबा. त्या पाडव्याआधी दोन वर्षं त्याचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं. तो खाटेवर पडला आणि घड्याळ तिसऱ्या दिवशी बंद पडलं. गिरणीतले मेकॅनिक वर चढले, हात हलवत खाली आले. शेवटी मी गेले. लहानपणापासून बाबाच्या मागं मागं त्या पायऱ्या चढलेली पोर मी, कुठं तेल घालायचं, कुठं हात लावायचा नाही, सगळं पाठ. घड्याळ चालू झालं, थोरले मालक तेव्हा हयात होते, ते म्हणाले, पोरीलाच ठेवा. मॅट्रिक झालेली होते म्हणून गेटवरची उशिराची वहीही माझ्याच हातात दिली. गेट सातला उघडायचं, सात-दहाला बंद व्हायचं. त्यानंतर येईल त्याचं नाव माझ्या वहीत. महिन्यात पंधरा उशीर झाले की नाव हजेरीपटावरून कमी. जुनाच नियम होता, पण पंधरा उशीर होईपर्यंत कुणाची मजल कधी गेली नव्हती.

आणि मी तशी तोंडाची फटकळ. बाबा म्हणायचा, हिच्या जिभेलाही चावी द्यावी लागत नाही.

पाडव्यानंतर महिनाभर कॉलनीत नुसता गोंधळ. "किती वाजले?" म्हणून विचारलं की समोरचा उलट विचारायचा, "गिरणीचे की रेडिओचे?" पोरांची शाळा सरकारी, ती सरकारी वेळेवर. आई कामाला जायची गिरणीच्या वेळेवर, पोरं शाळेत जायची रेडिओच्या वेळेवर, आणि मधल्या तासात पोरं कॉलनीभर मोकाट. संकष्टीला तर बायकांनी कॅलेंडरात चंद्रोदय बघितला, मनोऱ्यावरचं घड्याळ बघितलं, नैवेद्याची ताटं वाढून गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या. चंद्र कुठला यायला! तासभर उपाशीपोटी आकाशाकडं बघत बसल्या बिचाऱ्या. आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

आंबेवाडीच्या नऊ जणींना मात्र हसू येत नव्हतं.

आंबेवाडी गिरणीपासून तीन कोसांवर. तिथनं नऊ बायका रिळिंग खात्यात, सुताच्या लडी गुंडाळायच्या कामाला यायच्या, पहिल्या एसटीनं. एसटी गिरणीच्या फाट्यावर पावणेसातला पोचायची. वर्षानुवर्षं त्या उतरायच्या, पदर खोचायच्या आणि घड्याळात सात पडायच्या आत गेटातून आत. पाडव्यानंतरच्या पहिल्या दिवशी त्या नेहमीसारख्याच आल्या, आणि गेट बंद. मालक स्वतः तिथं उभे होते, नवी वेळ कशी चाललीय बघायला.

नऊ जणींत थोरली तानाक्का. चौदा वर्षं रिळिंगवर काढलेली, हात असे चालायचे की डोळा ठरायचा नाही. नवरा वारलेला, घरात आंधळी सासू. माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ही बाई वर्षभर आपल्या फडक्यात दोन भाकरी जास्तीच्या बांधून आणायची आणि गेटवर माझ्या हातात द्यायची. कधी काही बोलली नाही. "खा गं मंजे," एवढंच.

"पावणेआठ झालेत, तानाबाई," मालक म्हणाले. "सातला बोलावलं होतं."

तानाक्कानं घड्याळाकडं बघितलं, मग पूर्वेकडं बघितलं.

"मालक, सूर्य तर आत्ता कुठं वर आलाय."

"गिरणी सूर्यावर चालत नाही. घड्याळावर चालते."

"पर आमची एसटी तर हाय त्याच टायमाला येतीया की वं."

"मग एसटीवाल्यांना सांगा."

त्या दिवशी मालकांनी त्यांना आत घेतलं. माझ्या वहीत नऊ नावं चढली.

त्या खरंच एसटी डेपोत गेल्या. तिथला साहेब म्हणाला, "बाई, एसटी सरकारच्या वेळेवर चालते. तुमच्या मालकाला म्हणावं, आधी सरकार तासभर पुढं ढकला." मग त्या चालत येऊ लागल्या. चारला निघायच्या अंधारात, उसाच्या फडाकडेनं, हातात काठ्या घेऊन. पंधरा दिवस चालल्या. दोघींच्या मागं कुत्री लागली. तानाक्का पाटाच्या कडेला अंधारात घसरली, घोटा हा असा सुजला. ती पुन्हा एसटीनं यायला लागली. मग बाकीच्याही. एकटी तानाक्का उशिरा येणार आणि आपण वेळेवर, हे त्यांना बघवेना.

मी रोज नावं लिहीत होते. माझं अक्षर चांगलं होतं. त्या वहीची मला इतकी शिसारी आली होती की जेवताना उजवा हात दोनदोनदा धुवायची.

एक दिवस मी ऑफिसात गेले.

"मालक, एसटीच्या नऊ जणींना सूट द्या. त्या उशिरा येत नाहीत, त्यांची बस..."

"किती वीज वाचली माहीत आहे?" त्यांनी कागद पुढं केला. वाचली होती. खोटं कशाला बोलू? संध्याकाळच्या पाळीला दिवे तासभर कमी जळत होते. कागद खरा होता.

"पण त्या नऊ जणी, मालक..."

"मंजुळा, घड्याळ म्हणजे घड्याळ. ते कुणा एकासाठी मागं-पुढं होत नाही. आज नऊ जणींना सूट दिली तर उद्या नव्वद जण दारात उभे राहतील. तू तरी असं बोलू नयेस. घड्याळवाल्याची पोर तू."

मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा मी गप्प बसले आहे, त्यातली ही एक. का बसले? उत्तर सुचलं नाही म्हणून. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण नेमकं कुठं, ते बोटानं दाखवता येत नव्हतं. वेळेवर या म्हणणारा मालक, त्याचं काय चुकलं? उशिरा येणाऱ्या बायका, त्यांचं तरी काय चुकलं? रात्री बाबाच्या खाटेशी बसून हेच डोक्यात.

बाबाला बोलणं जड जायचं. मी सगळं सांगितलं. तो छताकडं बघत म्हणाला, "पुढं ढकललंस खरं. मागं कसं आणणार?"

"का? मागं फिरवायचा काटा."

"खबरदार!" एवढं मात्र तो स्वच्छ बोलला. "ठोक्यांचं घड्याळ हाय ते. काटा मागं फिरवलास तर आतलं दातं तुटतील. एक तर तास भरेपर्यंत लंबक धरून बंद ठेवायचं. न्हाईतर पुढंच न्यायचं, अकरा तास, एकेक ठोका देत देत."

मे महिन्यात मालकांच्या मुलीचं, मृणालिनीचं लग्न ठरलं. लग्न गिरणीच्या पटांगणात, मनोऱ्यासमोर. रविवार, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा मुहूर्त. कॉलनीला आणि कामगारांना सगळ्यांना आमंत्रण.

आदल्या दिवशी, शनिवारी, फळ्यावर नोटीस लागली. आंबेवाडीच्या नऊ जणींची नावं सोमवारपासून कमी. नोटीस मालकांनी मुद्दाम लावली नव्हती. ते लग्नाच्या गडबडीत होते. माझ्या वहीत पंधरा उशीर भरले, ऑफिसातल्या कारकुनानं नियमाप्रमाणं कागद काढला, मालकांनी सह्यांच्या ढिगात सही केली. इतकं साधं.

तानाक्कानं मला नोटीस वाचून दाखवायला लावली. मी वाचली. तिनं ऐकली आणि म्हणाली, "उद्या पंगतीला वाढायला मालकीणबाईंनी बोलावलंय आमास्नी. जायाला पायजे."

"जाणार तू? अगं, उद्या वाढायचं आणि परवा घरी बसायचं?"

"पोरीचं लगीन हाय मंजे. तिनं काय केलंय?"

रविवारी दुपारी मी मनोऱ्यात होते. उन्हानं दगड तापलेला, खाली मांडव, सनईवाले, अत्तरदाण्या. आमंत्रणपत्रिकेत मुहूर्त छापला होता पंचांगातला, पण कुठल्या वेळेचा, ते लिहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तेव्हा कॉलनीची माणसं गिरणीच्या घड्याळाप्रमाणं येऊन तासभर आधीच घामाघूम बसली होती. आणि नवऱ्याकडची मंडळी साताऱ्याहून आली ती रेडिओच्या वेळेनं, म्हणजे अगदी वेळेवर. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मनोऱ्यावर एक वाजून दहा.

पहिल्या गाडीतून नवऱ्या मुलाची आजी उतरली. नऊवारी, नाकात नथ, हातात काठी. ताठ म्हातारी. तिनं मान वर केली, घड्याळाकडं बघितलं आणि तिथंच काठी आपटली.

"अगं बाई! सव्वा वाजायला आला की! मुहूर्त टळला!"

सनई थांबली. मालक धावत पुढं गेले. वरून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"नाही आईसाहेब, घड्याळ तासभर पुढं आहे."

"पुढं आहे म्हणजे? बिघडलंय?"

"बिघडलं नाही. पुढं केलंय. विजेची बचत म्हणून..."

"म्हणजे खोटं आहे?"

"खोटं नाही, ते आमचं..."

"हे बघा व्याही," म्हातारी म्हणाली, "माझा नातू त्या घड्याळासमोर उभा राहणार. लग्नाचा फोटो निघणार, त्यात ते घड्याळ येणार. उद्या चार माणसं म्हणतील, मुहूर्त चुकवून लग्न लावलं. एकतर ते बरोबर करा, नाहीतर आम्ही गाडीतच बरे." आणि खरंच गाडीत जाऊन बसली, काठी दोन गुडघ्यांत धरून.

थोड्याच वेळात पायऱ्यांवर पावलं वाजली. शहाण्णव पायऱ्या, फेटा, रेशमी अंगरखा. मालक वर आले तेव्हा तोंडानं बोलवत नव्हतं. मागोमाग तानाक्काही आली, हातात पाण्याचा तांब्या. मालकीणबाईंनी पाठवली असणार.

"मंजुळा," मालक म्हणाले, "काटा मागं घे."

मी कापडानं हात पुसत उभी राहिले.

"आजच्यापुरता?" मी विचारलं.

"हो. संध्याकाळी पुन्हा पुढं कर."

"नाही जमायचं, मालक."

"का? बिघडलंय काही?"

"काही बिघडलेलं नाही. घड्याळ म्हणजे घड्याळ. ते कुणा एकासाठी मागं-पुढं होत नाही."

मालकांचा चेहरा लाल झाला. ते शब्द कुणाचे, हे त्यांना कळलं.

"किल्ली दे इकडं."

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या. पण मागं फिरवलात तर आतले दाते तुटतील, आणि घड्याळ कायमचं सव्वावर बसेल. बाबाला विचारा हवं तर. बोलता येतं त्याला, थोडं थोडं."

किल्ली हातात घेऊन ते चाकांकडं बघत राहिले. खाली कुणीतरी हाक मारली. मांडवाच्या तोंडाशी मृणालिनी उभी होती, हिरवा चुडा, मुंडावळ्या, आणि वर बघत होती. लहानपणी ती माझ्याबरोबर या मनोऱ्याखाली लपाछपी खेळली होती. मला लाज वाटली. वाटली म्हणजे वाटलीच, आजही वाटते. पण मी जागची हलले नाही.

"सौदा करतेस?" मालक हळू आवाजात म्हणाले. "माझ्या पोरीच्या लग्नात अडवून धरतेस मला?"

"मंजे," तानाक्का मागून म्हणाली, "असू दे गं. फिरव ते."

"तू गप बस अक्का!" मी तिच्यावरच खेकसले. आणि मग इतके दिवस जे बोटानं दाखवता येत नव्हतं ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं. "मालक, तुम्हाला आम्ही तासभर लवकर यायला हवं होतं. बरोबर? मग तसं तोंडानं सांगायचं होतं. उद्यापासून सहाला या, म्हणायचं होतं. आम्ही विचार केला असता. जमतंय म्हणालो असतो, नाही जमत म्हणालो असतो, एसटीचं सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही काटा ढकललात आणि वर म्हणालात, सातलाच तर बोलावलंय, तुम्हीच उशिरा येता. ही तानाक्का चौदा वर्षांत एक दिवस उशिरा आलेली नाही. आजसुद्धा नाही. उशीर तुम्ही केलात आणि मी तो हिच्या नावावर लिहिला. माझ्या हातानं लिहिला!"

मला रडायचं नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला.

घड्याळाचा लंबक तेवढा चालू होता. एक वाजून वीस. म्हणजे खरे बारा वीस.

मालकांनी तानाक्काच्या पायाकडं बघितलं. घोट्याला अजून फडकं बांधलेलं होतं, आणि त्या पायानं ती शहाण्णव पायऱ्या त्यांच्यासाठी पाणी घेऊन चढली होती. त्यांनी तांब्या घेतला, पाणी प्यायले, किल्ली परत माझ्या हातावर ठेवली.

"फिरव," ते म्हणाले. "पुन्हा पुढं करायला नको."

"आणि नोटीस?"

"निघेल."

"खिडकीतून सांगा, मालक. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"मंजुळा!"

"पंधरा मिनिटं राहिलीत."

काय म्हणाल ते म्हणा, त्या माणसानं ते केलं. मनोऱ्याच्या खिडकीतून फेट्यासकट डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "आंबेवाडीच्या बायकांची नोटीस रद्द! आतापासून घड्याळ जुन्या वेळेवर!" खाली साताऱ्याची मंडळी तोंडाकडं बघत राहिली. लग्नाच्या मांडवात आंबेवाडी कुठून आली, त्यांना काही कळेना. वाढपाच्या बायकांमधून मात्र अशी एक आरोळी उठली की सनईवाल्यांना वाटलं मुहूर्त लागला, त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली.

"आता फिरव लवकर," मालक म्हणाले.

"फिरवते. पण मागं नाही, पुढं न्यावं लागणार. अकरा तास. ठोके पडतील."

"किती?"

मी मनात बेरीज केली. दोनपासून बारापर्यंत. "सत्त्याहत्तर."

मालकांनी कपाळाला हात लावला. मी ठोके चालवणारं वजन पुरेसं वर आहे ना ते बघितलं, स्क्रू सैल केला आणि काटा हाणला पुढं. दोन. तीन. चार. पाच. प्रत्येक वेळी थांबायचं, ठोके पुरे पडू द्यायचे, मग पुन्हा काटा. खोलीत कान फुटायची वेळ. आठ. नऊ. पारव्यांनी मनोरा सोडला. खाली पोरं ओरडून ठोके मोजायला लागली, मग मोठी माणसंही, मग म्हातारी गाडीतून उतरून काठी आपटत मोजायला लागली. माळापलीकडच्या वस्तीतली माणसं धावत आली, म्हणे गिरणीला आग लागली. दहा. अकरा. तानाक्कानं मागून माझे खांदे धरले होते. शेवटचे बारा पडले, मी काटा एकोणतिसाव्या मिनिटावर आणून स्क्रू आवळला, आणि एकदम शांत झालं.

"सत्त्याहत्तर!" खालून म्हातारीचा आवाज आला. "आता बरोबर आहे. चला, अंतरपाट धरा."

बारा पस्तीसला लग्न लागलं. तानाक्कानं जाण्यापूर्वी पदराच्या गाठीतल्या मूठभर अक्षता माझ्या हातात दिल्या. मी त्या खिडकीतून टाकल्या. इतक्या उंचावरून मांडवात काय पोचणार, पण टाकल्या.

सोमवारी मालकांनी मला बोलावलं. टेबलावर हात पुढं केला. मी किल्ली ठेवली.

"उद्यापासून रिळिंग खात्यात," ते म्हणाले.

"बरं," मी म्हणाले. वाईट वाटलं. बाबाला तर फारच वाटलं. तेहतीस वर्षं घरात असलेली किल्ली. पण कामावरून काढलं नाही, हेही खरं. मी तानाक्काच्या शेजारच्या मशिनवर उभी राहायला लागले. तिनं शिकवलं. आठ दिवस बोटं रक्तबंबाळ, आणि ती हसायची, "घड्याळापेक्षा हे अवघड हाय, व्हय ना?"

पंधरा दिवसांनी, पाळी सुटल्यावर, मालकांनी पहिल्या पाळीला पटांगणात थांबवून घेतलं. पहिल्यांदाच. शेजारी कारकून वही घेऊन उभा. मालक ओट्यावर चढले, घसा साफ केला. काहीतरी कडू औषध घ्यायचं असावं तसा चेहरा.

"विजेची कपात वाढली आहे," ते म्हणाले. "संध्याकाळचे दिवे वाचवायला हवेत. तेव्हा माझं म्हणणं आहे की उद्यापासून पहिल्या पाळीनं सहाला यावं." थोडं थांबले. मग म्हणाले, "जमेल का?"

आम्हाला असं कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं उत्तर कोणी द्यायचं, हेच माहीत नव्हतं. मला बोलायची उबळ आली होती, पण तानाक्कानं माझा हात घट्ट दाबून धरला आणि स्वतः पुढं झाली. लंगडत.

"न्हाई जमायचं, मालक. एसटी पावणेसातला येतीया."

"मग?"

"मग आमी सातला येणार. पर तुमी चार वाजेस्तोवर थांबा म्हना. दिवसाचा उजेड असतोय, संध्याकाळच्या पाळीचा तेवढा दिव्याचा तास वाचंल. त्यो तास आमी देतो."

मालक तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मनोऱ्यावर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि नव्या माणसाच्या हातात घड्याळ तीन मिनिटं मागं पडलेलं होतं. मी सोडून कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

कारकुनानं विचारलं, "साहेब, काय लिहू?"

"लिही," मालक म्हणाले, "सहाला या म्हणून विचारलं. नाही म्हणाल्या."